बंपरला काहीच झालं नाही

प्लॅस्टिकचा बंपर बघितला की अल्लाउद्दीन शिकलगारचं डोकं फिरायचं. हल्लीच्या गाडीचा बंपर म्हणजे टरबुजाचं साल, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणी न विचारता सांगायचा. स्कूटीच्या हँडलचा धक्का लागला तरी चिरतो, आणि चिरला की काढा, फेका, नवा बसवा. मग पत्रा ठोकणाऱ्याने करायचं काय? मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याने पत्राच ठोकला होता. कोल्हापुरात राजारामपुरी संपून रस्ता उद्यमनगरकडे वळतो, तिथे त्याचं डेंटिंगचं दुकान. एके काळी कुठेही गाडी धडकली की लोक सांगायचे, अल्लाउद्दीनकडे न्या, ठोकलेली जागा बोटालाही कळायची नाही. आता ते सांगणारे लोक थकले, आणि त्यांच्या मुलांच्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपात जातात, जिथे एसीत बसवून कॉफी पाजतात. अल्लाउद्दीनच्या वाट्याला उरले टेंपोचे फाळके आणि रिक्षांचे मडगार्ड.

कामाचं दुःख एक वेळ गिळता येतं, घरचं येत नाही. गडमुडशिंगीत त्याचं तीन खोल्यांचं घर होतं आणि त्यात तो एकटा होता. बायको शहाजादी गेल्यापासून त्या घरात आवाज असा नव्हता. मुलगा तौसीफ बायकापोरांसह दोह्याला. शुक्रवारची नमाज झाली की त्याचा फोन यायचा, नातवंडं पडद्यावर हात हलवायची आणि पळून जायची, तौसीफ तब्येत विचारायचा, अल्लाउद्दीन बरी आहे म्हणायचा, आणि मग दोघंही काय बोलावं याचा विचार करत एकमेकांकडे बघत राहायचे. शहाजादीने शेजारच्या गवळ्याकडे लावलेला दुधाचा रतीब त्याने मोडला नव्हता. एकट्या माणसाला तेवढं दूध संपत नाही. रोज उरायचं, विरजण लागायचं, दही आंबून जायचं, आणि शेवटी ते गवळ्याच्याच म्हशीच्या आंबोणात पडायचं. म्हशीचं म्हशीला परत, असं तो हसून सांगायचा. पण रतीब बंद कर असं गवळ्याला सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

दसरा उलटल्यावर एका दुपारी टेंपोला दोर बांधून एक लाल गाडी दुकानासमोर येऊन थांबली. बुटकी, दोनच माणसांची, जुनी परदेशी स्पोर्ट्‌स कार. स्टेअरिंग आपल्याकडच्या उलट बाजूला. त्यामागून एक सत्तरीचा उंच, सडपातळ माणूस उतरला. पांढरा शर्ट नीट खोचलेला, बूट पुसलेले. त्याने आधी गाडीचं दार हलक्या हाताने लावलं, मग दुकानाकडे वळून नमस्कार केला.

हा गणपती कांबळे, राहणार कळंबा. उभा जन्म त्याने एका कारखानदाराकडे ड्रायव्हरकी केली. कारखानदाराच्या मुलाने तरुणपणी हौसेने अमेरिकेतून ही गाडी आणली, दोन वर्षं मिरवली आणि विसरला. तिची पुसापुशी मात्र गणपती करत राहिला. मालक वारले, मालकीणबाई मुंबईला लेकीकडे निघाल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, गणपती, ह्या गाडीला तुझ्याशिवाय कुणाचा हात माहीत नाही, तूच घेऊन जा. झालं. बंगल्यातली गाडी कळंब्याच्या अंगणात ताडपत्रीखाली येऊन बसली. इंजिन गणपतीने स्वतःच खटपट करून जागं केलं होतं. दोर बांधला होता तो भर रस्त्यात ती रुसायला नको म्हणून.

अडचण होती मागच्या बंपरची. तो गाडीच्या अंगापासून चांगला वीतभर बाहेर आलेला आणि एका बाजूने आत घुसलेला. एखाद्याने तोंड वाकडं करून बसावं तसा दिसत होता. बंपर आणि गाडी यांच्यामधली फट झाकायला दोन्ही कडांना रबराचे घडीघडीचे भाते होते, ते उन्हाने तडकले होते. गणपतीचा मुलगा आर्यन, बँकेत नोकरीला, त्याने इंटरनेटवर बघून ठेवलं होतं की असले बंपर लोक मागून कापून टाकतात आणि गाडीला चिकटवून घेतात. दिसायलाही छान दिसतं. तेवढं कापून द्या, असं गणपतीचं म्हणणं.

अल्लाउद्दीन गोणपाट टाकून गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. बंपरच्या मागे डावीउजवीकडे एकेक जाडजूड नळकांडं होतं, मोटरसायकलच्या शॉकपसारखं. आत तेल आणि दाबून भरलेला गॅस. सावकाश धक्का बसला तर बंपर आत जावा, मार त्या शॉकपनी गिळावा आणि बंपर आपला आपण जागेवर यावा, अशी ती योजना. एका शॉकपचं तेल कधीच गळून गेलं होतं. अल्लाउद्दीन बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर ग्रीस होतं आणि कित्येक महिन्यांनी तो खूश दिसत होता.

"कापायचं म्हणतासा तर उद्या संध्याकाळी गाडी घिऊन जावा," तो म्हणाला. "पर हे मार खायाला केलंय, अण्णा. मार खायाचा आन परत जाग्यावर यायाचं. असली चीज कापायची व्हय?"

"मग काय करायचं?"

"दुरुस्त करायचं. येळ लागंल मातर."

गणपतीने रस्त्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "येळंचा काय तोटा न्हाई," तो म्हणाला.

आता इथे अल्लाउद्दीनची वकिली करायचं कारण नाही. त्याला त्या चीजेचं प्रेम वाटलं हे खरं. पण कापायचं काम एका दिवसाचं होतं आणि दुरुस्तीचं काम लांबणारं होतं, हेही त्याला तितकंच ठाऊक होतं. समोरचा माणूस नमस्कार करून बोलला होता. दुकानात असं कुणी येऊन किती दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून गणपती दुपारची बस धरून कळंब्याहून येऊ लागला. आपल्या गाडीचं काम समोर बसून करून घ्यायचं, ही ड्रायव्हर लोकांची जुनी खोड. ॲम्बॅसडरची एक काढून ठेवलेली सीट भिंतीशी होती, तिच्यावर तो ताठ बसायचा. त्याचं घर भरलेलं होतं, पण दिवसा रिकामं. मुलगा बँकेत, सून प्रीती शाळेत शिकवायला, नात क्लासला. संध्याकाळी सगळे दमून आलेले; अण्णा जेवलात का, गोळी घेतली का, एवढं विचारलं की बोलणं संपायचं. वाईट कुणीच नव्हतं. वाईट कुणी असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

दोघं फार बोलायचे असंही नाही. गणपती घाटांबद्दल सांगायचा, कुठल्या घाटात कुठल्या वळणावर गाडी कशी घ्यायची ते. मालक मागे झोपलेले असताना रात्रभर एकट्याने जागं राहायचं, बोलायला कुणी नाही, म्हणून तो मनातल्या मनात गाडीशी बोलायचा, असं एकदा त्याने सांगितलं आणि सांगून लाजला. अल्लाउद्दीनने शहाजादीचा विषय काढला तो चहाच्या निमित्ताने. तिच्या हातचा आल्याचा चहा कसा व्हायचा ते तो सांगत होता आणि मध्येच थांबला. गणपतीने हातातली पकड पुढे केली. दुसऱ्या दिवशी अल्लाउद्दीन घरून स्टोव्ह, आलं आणि उरलेलं दूध घेऊन आला. मग दूध उरेनासं झालं आणि म्हशीचं आंबोण बंद झालं.

शॉकप उघडायचा दिवस कठीण होता. आतला गॅस दाबातला. चुकून भलत्या जागी भोक पडलं तर नळकांडं सुटून छातीत बसायचं. अल्लाउद्दीनने ते शिकंज्यात आवळलं, अंग चोरून बाजूला उभा राहिला आणि गणपतीला भिंतीपलीकडे जायला सांगितलं. गणपती गेला नाही. बॅटरीचा उजेड धरून तिथेच उभा राहिला. ड्रिलने बारीक भोक पाडलं, फुस्स करून गॅस निघून गेला आणि दोघंही शाळेतल्या पोरांसारखे हसले. पुढे उद्यमनगरातून नळकांड्याला आतून घासून आणलं, ट्रॅक्टरच्या जॅकचे सील बसवले, आणि गॅस पुन्हा भरून मिळायचा नाही म्हणून आत मापाने वळवून घेतलेली जाड स्प्रिंग घातली. तेलाने मार गिळायचा आणि स्प्रिंगने बंपर परत बाहेर ढकलायचा.

एवढ्यावर काम संपायला हवं होतं. पण अल्लाउद्दीनला रोज नवीन काहीतरी सुचायचं. न गंजलेले बोल्ट त्याने घासले. बसवलेला बंपर बोटभर तिरका वाटतो म्हणून पुन्हा उतरवला. तो तिरका नव्हता. दोन्ही भाते रेक्झिनचे नवे शिवून घेतले आणि ते पसंत नाहीत म्हणून परत शिवले. गणपतीने आयुष्यात शंभर मिस्त्री बघितलेले. काम कधी चाललंय आणि कधी ओढलं जातंय, हे त्याला कळत नसेल असं कोण म्हणेल? उलट एकदा तोच म्हणाला, की डाव्या बाजूचा बोल्ट अजून एकदा बघून घ्या. तो बोल्ट आदल्याच दिवशी बघून झाला होता.

पण बोल्ट तरी किती घासणार? संक्रांतीच्या आधी एका दुपारी करण्यासारखं काहीच उरलं नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीला गोणपाट अडकवलं, गणपती स्टेअरिंगला बसला आणि गाडी सावकाश मागे घेऊन भिंतीला टेकवली. टेकवली कसली, दणकाच दिला. बंपर आत गेला, कासवाने मान आत घ्यावी तसा, आणि गाडी पुढे घेतल्यावर हळूहळू बाहेर येऊन जागेवर बसला. ओरखडासुद्धा नाही. अल्लाउद्दीनच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं आणि ते संपलं होतं.

गणपतीने बंपरवरून हात फिरवला. "झालं म्हणायचं काम," तो म्हणाला.

अधूनमधून येत जावा, असं अल्लाउद्दीनला म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं. पण गिऱ्हाइकाला असं कसं म्हणायचं, आणि बोलवायचं तरी काय म्हणून? तो म्हणाला, "जपून जावा." गणपतीने नमस्कार केला आणि गाडी वळवून निघून गेला.

मग सुरू झालं वाट बघणं. पहिले काही दिवस अल्लाउद्दीन स्टोव्ह पेटवून दोघांपुरता चहा टाकायचा. कुठलाही नवा शॉकप चार दिवसांनी कुरकुरतो, तेलाचा थेंब गळतो, माणूस दाखवायला येतोच. गणपती आला नाही. फोन करावा तर नंबर होता, पण काय म्हणून करायचा? एकदा ती लाल गाडी दुकानासमोर दिसली. अगदी हळू झाली. अल्लाउद्दीन हातातलं टाकून उठला, धोतराच्या चिंधीला हात पुसले, तोवर गाडी पुढे निघून गेली. पंधरवड्याने पुन्हा तेच. त्या दिवशी मात्र त्याला राग आला. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय. एवढे दिवस चहा पाजला तो माणूस मान वळवून बघतसुद्धा नाही. त्याने स्टोव्ह घरी नेऊन ठेवला. दूध पुन्हा उरायला लागलं. रागाचा एक फायदा असतो, तो असेपर्यंत दुसरं काही वाटत नाही. उन्हाळा लागला तसा तोही ओसरला, आणि मग मोकळ्या सीटकडे बघायचं नाही म्हणून अल्लाउद्दीन तिच्याकडे पाठ करून जेवू लागला.

मे महिन्यात एका सकाळी स्कूटीवरून एक बाई आली. मी प्रीती, गणपती कांबळ्यांची सून, असं तिने सांगितलं, आणि जरा चाचरत विचारलं की चाचा, आमच्या गाडीचे ब्रेक बिघडलेत का हे तुम्हाला सांगता येईल का.

शाळेला सुट्टी म्हणून ती घरी होती, त्यामुळे तिला कळलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिने बघितलं, अण्णा गाडी मागे घेतायत आणि कंपाउंडच्या भिंतीवर धडकवतायत. तिला वाटलं चुकून झालं. पण दोन दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. भिंतीचं प्लास्टर पडलं होतं, विटा दिसत होत्या. आर्यन घाबरला. नजर गेली म्हणाला, नाहीतर डोक्यात काहीतरी झालं असेल. त्याने किल्ली काढून घेतली, डॉक्टरांची वेळ घेतली, आणि गाडीला गिऱ्हाईक बघितलं. रविवारी माणूस येऊन घेऊन जाणार होता. तेव्हापासून अण्णा पायरीवर बसून असतात. प्रीतीला मात्र वाटत होतं की ब्रेकचाच दोष निघाला तर बरं, म्हणजे निदान माणूस तरी धड आहे असं होईल.

"धडकल्यावर काय करत्यात?" अल्लाउद्दीनने विचारलं.

तीच तर गंमत, असं ती म्हणाली. खाली उतरतात, वाकून बंपर बघतात, हात फिरवतात, आणि तोंड एवढंसं होतं. कुणाला वाटेल बंपर मोडला. आणि त्याला तर ओरखडासुद्धा नसतो. परवा तिने त्यांना म्हटलं होतं, अण्णा, बंपरची एवढी शंका असेल तर मिस्त्रींना दाखवून या की.

"तर म्हणाले, काय झालंच न्हाई तर दाखवायचं काय? आन काम नसताना तिथं जाता येत न्हाई. बोर्ड हाय."

अल्लाउद्दीनने मान वर केली. सीटच्या बरोबर वर, भिंतीवर, निळ्या रंगात लिहिलेलं होतं: कामाशिवाय येथे बसू नये. पलीकडच्या तालमीतली पोरं दिवसभर येऊन गप्पा छाटायची, तेव्हा वैतागून त्याने ते पेंटरकडून लिहून घेतलं होतं. पोरं त्या पाटीखालीच बसून पाटीला हसली होती. कोल्हापुरात असली पाटी कोण मनावर घेतो? गेल्या कित्येक वर्षांत अल्लाउद्दीनलाही ती दिसलेली नव्हती. साऱ्या गावात एकाच माणसाने ती वाचली होती, आणि त्याला कुठे बसायचं आणि कुठे नाही हे लहानपणापासून कुणी ना कुणी शिकवत आलेलं होतं. तो रोज त्या अक्षरांखाली बसून काम चालू आहे याची खात्री करून घेत होता. काम संपलं, तो उठला. पुन्हा यायचं तर काम काढायला हवं, म्हणून तो घरी जाऊन भिंतीला धडका देत होता, आणि अल्लाउद्दीनने केलेला बंपर काही केल्या मोडत नव्हता.

त्याला हसू येईल असं वाटलं, पण आलं वेगळंच काहीतरी. प्रीतीसमोर त्याने तोंड फिरवलं आणि चिंधीने चेहरा पुसला.

"ब्रेक चांगलं हायती, ताई," तो म्हणाला. "तुमचं अण्णाबी चांगलं हायती." मग त्याने भर सकाळी शटर ओढलं आणि आपली लूना तिच्या स्कूटीमागे लावली.

कळंब्याच्या घराच्या अंगणात लाल गाडी उन्हात उभी होती. तिच्यामागच्या भिंतीला बंपरच्या उंचीवर दोन मोठे पोपडे पडले होते. गणपती पायरीवर बसला होता. शर्ट खोचलेला, बूट पुसलेले, कुठेतरी निघायचं असल्यासारखा. अल्लाउद्दीनला बघून तो ताडकन उभा राहिला, बंगल्यावर मालक आल्यावर राहायचा तसा.

"मिस्त्री? काय काम काढलंसा?" त्याने सुनेकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग अपराध्यासारखा म्हणाला, "बंपरला काय झालं न्हाई. लई करून बघितलं."

"व्हायचं न्हाई," अल्लाउद्दीन म्हणाला.

"आता रविवारी गाडीबी चालली. म्हंजे काम निघायचा परश्नच मिटला." हे गणपती हसून म्हणाला, पण ते हसू टिकलं नाही. पुन्हा त्याने विचारलं, "मग तुमी कशापायी आलासा? काय ऱ्हायलंय व्हय माज्याकडनं?"

"काय न्हाई ऱ्हायलं. बिनकामाचा आलोय, अण्णा."

गणपतीला ते लवकर कळलं नाही. हॉर्न वाजवून लोकांनी त्याला बोलावलं होतं, बेल वाजवून बोलावलं होतं, पहाटे, भर पावसात, पोराच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. बिनकामाचं त्याच्याकडे कुणी आलेलं त्याला आठवत नव्हतं, आणि अशा माणसाचं काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने पायरीवर नसलेली धूळ हाताने झाडली. पुन्हा एकदा झाडली.

"मग बसा की," तो म्हणाला.